सॉफिस्टिकेटेड म्हंजे काय, सर?

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की भाऊ आधी त्याचा हात मागायचे. तळहातावर करडीच्या तेलाचा थेंब टाकायचे, बोटाने चोळायचे आणि म्हणायचे, "घ्या वास. नाक खोटं बोलत नाई." भाव त्यानंतर.

मी लोणारला शाळेत इंग्रजी शिकवायचो. भाऊंचा लाकडी घाणा माझ्या खोलीसमोरच होता. एका दुपारी बाटल्यांची लेबलं विकणारा तरुण त्यांना म्हणाला, "काका, तेल छान आहे, पण जरा सॉफिस्टिकेटेड दिसायला हवं." तो गेला आणि भाऊ रस्ता ओलांडून आले.

"सॉफिस्टिकेटेड म्हंजे काय, सर?"

"सुधारलेलं, शहरी वळणाचं."

इथेच थांबायला हवं होतं. पण आम्हा मास्तरांची खोड तुम्हाला ठाऊक आहे. मी जाडा शब्दकोश काढला आणि सांगितलं, की पूर्वी इंग्रज हा शब्द भेसळीच्या मालासाठी वापरत.

"तेलात तेल मिसळलं तं?"

"तेही सॉफिस्टिकेटेड."

भाऊ म्हणाले, "अन् त्या पोट्ट्याले मी चहा पाजला!"

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली: 'येथे सॉफिस्टिकेटेड तेल मिळत नाही.'

पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीला पाहायला पुण्याची मंडळी आली. इंग्रजी जाणणारा म्हणून मलाही बोलावणं होतं. पोहे झाले. मुलाची आत्या घरभर नजर फिरवत म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो. आम्हाला फक्त जरा सॉफिस्टिकेटेड हवी होती."

भाऊ ताडकन उठले. "बाई, तसला धंदा या घरात तीन पिढ्यांत झाला नाई! मायी पोरगी अस्सल हाय. भेसळ तुमच्या पुण्यात पाहा!"

मी घाईघाईने शब्दाचे दोन्ही अर्थ समजावू लागलो.

"म्हणजे आम्ही भेसळ?" आत्याबाई कडाडल्या.

दाराआड मुलगी खो खो हसत होती. मंडळी चहा न घेताच गेली.

तीन दिवस मी तोंड लपवून होतो. चौथ्या दिवशी भाऊच आले.

"काऊन येऊन नाई राह्यले, सर?"

"भाऊ, माझ्यामुळे सोयरीक मोडली."

"तुमच्यामुळं नाई. पोरगी म्हने, त्या बाईनं आपल्या भिंतीकडं पाहून नाक मुरडलं, तवाच मी मनात नाई म्हनली." मग त्यांनी विचारलं, "पन सर, लोकाची पोरगी पसंत नाई, हे सांगाले एवढा मोठा शब्द लागते?"



पुढे माझी बदली झाली. भाऊ वारले तेव्हा मी दूर होतो. कळलं तेही उशिरा. परवा लोणारला गेलो. घाणा आता मुलगी चालवते, जावई करडी आणून टाकतो. तिने मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली.

"बाबा तुमची लय आठवन काढत, सर."

"काय म्हणायचे?"

ती हसू दाबत म्हणाली, "म्हनायचे, सर लय शिकलेले हायेत, पन मानूस चांगला हाय."