भासऱ्यांनी सांगितलेली गाठ

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, नौदलातली नोकरी संपवून आमच्या गावी, आंजीला परतले तेव्हा माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी थेट दहा-बारा वाक्यं बोललो असू. धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. शाळेत मी दिवसभर वर्ग दणाणून सोडणारी गणिताची बाई, पण ते सुट्टीवर आले की दोन हात अंतरावर बसलेल्या माणसाबद्दल नवऱ्याला म्हणायची, "विचारा, भाकर वाढू का?" आणि तेही त्याच्याचकडे बघून म्हणायचे, "तिले सांग, अर्धीच दे."

परतल्यावर वर्षभरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं सावरलं, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. शर्टाचं बटण लावायचं तर कुणीतरी लागे. जाऊबाई आधीच गेलेल्या, मुलगी लग्न होऊन लांब. ते ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसत.

अशात एक दिवस हायवेवरच्या जाम गावाहून एका ट्रकवाल्याचा फोन आला. म्हणाला, "तुमची बोट आणली आहे, घेऊन जा." आम्हाला वाटलं चुकून लागला. भासरे मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले. झटक्याच्या आधी त्यांनी विशाखापट्टणमच्या एका जुन्या सोबत्याला सांगून ठेवलं होतं, लहानशी शिडाची बोट मिळाली तर पाठव म्हणून. ते स्वतः विसरून गेले होते, सोबती विसरला नव्हता.

नवरा ट्रॅक्टर घेऊन गेला. हायवेवरच्या चहाच्या टपरीपुढे ती पांढरी बोट उतरवली, तेव्हा बघायला ही गर्दी. एकानं विचारलं म्हणे, "पाटील, हे कोणत्या वावरात चालवता?"

सेलूच्या पुढे एक तलाव आहे. तिथल्या मच्छीमार सोसायटीनं आणि पाटबंधारेवाल्यांनी हो-नाही करत परवानगी दिली. पण बोट चालवायला दोन माणसं लागतात आणि भासऱ्यांच्या हातात दोर राहत नव्हता. नवऱ्यानं आधीच हात वर केले. "मले पाण्याचं भेव वाटते. मास्तरीण आहे ना घरात. तिले शिकव."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात शिकवणी सुरू झाली. भासऱ्यांनी डाव्या हातानं दोर माझ्यापुढे धरला, तोंड उघडलं आणि थांबले. ज्या गाठी त्यांनी तीस वर्षं अंधारात, पावसात, हलत्या डेकवर मारल्या, त्या कशा मारायच्या हे त्यांना सांगताच येईना. "असं... मंग असं..." म्हणत उजवा हात पुढे नेला. बोटं वळली नाहीत. त्यांनी दोर टाकला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

ती संध्याकाळ मला जड गेली. वर्गात असं मूल मी पाहिलेलं होतं. उत्तर माहीत असतं, पण पायऱ्या सांगता येत नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी वही-पेन घेतलं, त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल टाकलं आणि रीतभात बाजूला ठेवून सरळ विचारलं, "भाऊजी, पहिले दोर कोणत्या हातात धरायचा?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग डोळे मिटले. दोन्ही हात हवेत धरून हळूहळू हलवू लागले.

"डाव्या," ते म्हणाले. "डाव्या हातात. लहानसा वेढा कर."

"टोक वेढ्याच्या वर की खाली?"

"वर. थांब. हो, वर."

मी लिहून घेतलं. ती गाठ बोलाईन. तिचा फास कितीही ताण आला तरी आवळत नाही आणि काम झालं की गाठ लगेच सुटते. एक गाठ लिहून व्हायला चार संध्याकाळी लागल्या. खांबाला दोर बांधायची गाठ मात्र मला येतच होती. माहेरी बैलाचं दावं खुंट्याला तसंच बांधायचे. मी ती मारून दाखवली तर ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

एका रविवारी आम्ही तलावावर गेलो. मी बोटीच्या कडीला बोलाईन मारली, दोराचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला बांधलं आणि आम्ही तिघं डबा उघडून बसलो. वारा सुटला. नवऱ्यानं मान वर केली आणि ओरडला, "अरे, बोट चालली!"

बाभळीची गाठ घट्ट होती. कडीची सुटली होती. रिकामी बोट आरामात तलावाच्या मध्यावर निघाली होती. सोसायटीतला एक जण जाळी टाकत होता. त्यानं आपली डोंगी वळवून तिला गाठलं आणि ओढत आणली. मी खाली मान घालून बसले होते. शाळेत चूक झालेल्या पोरांना कसं वाटत असेल ते नीट कळलं.

भासऱ्यांनी माझी वही मागितली. डाव्या हाताचं बोट फिरवत एकेक ओळ वाचली. "चूक मायी आहे," ते म्हणाले. "टोक दोराच्या मागून फिरवाचं, हे सांगाचं राह्यलं. तू लिवलं तसंच केलं."

त्यांनी माझ्याशी थेट बोललेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. मी तिथंच ती ओळ वाढवली आणि गाठ पुन्हा मारली. नवऱ्यानं कंबर कसून दोर ओढून पाहिला. सुटली नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही सात-आठ वेळा गेलो. ते डाव्या हातानं सुकाणू धरत, मी शिडाचे दोर सांभाळत असे. शीड भरलं की बोट एका अंगाला कलते. पहिल्यांदा माझी किंकाळी निघाली. नंतर नंतर त्या कलण्याचीच वाट बघू लागले.

एकदा पलीकडच्या काठाला टेकलो होतो. एका पळसाला मी बोट बांधली. भासरे पाण्याकडे बघत म्हणाले, "तुया जाऊले लय हौस होती. मले तुमचं जहाज दाखवा म्हणे. आज नेतो, उद्या नेतो करत राह्यलो मी. ती गेली तेव्हाई मी समुद्रातच होतो. चौथ्या दिवशी पोचलो."

 पिशवीत पेरू होते. एक कापून त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो सगळा खाल्ला.

निघायला गाठ सोडली तर वारा पूर्ण पडलेला. शीड नुसतं लोंबत होतं. मग मीच वल्हं घेतलं. आधी बोट गोल गोल फिरली.

"घाई काऊन करतं? हळू," ते म्हणाले. "थोडं डावीकडे. हां. आता असंच येऊ दे."

ऊन कलत होतं. मी वल्हवत राहिले आणि ते सांगत राहिले.