दार लावू नको, आम्ही येऊन राह्यलो

हेल्मेटची काच खाली केली की मी ओरडायला लागायचे. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणाऱ्या घाटात स्कूटी हळू ठेवायची, पोटातून हवा वर ढकलायची आणि घशाच्या तळातून आवाज काढून तो लांबवत न्यायचा. घरी हे जमणारं नव्हतं. एकदा न्हाणीघरात करून पाहिलं, तर शेजारच्या काकू पिठाच्या हातांनीच धावत आल्या होत्या.

आम्ही तिघं मेटलकोर वाजवायचो. जड गिटार, छातीवर आदळणारे ड्रम, आणि गाणारी मी. म्हणजे बराच वेळ ओरडणारी. गिटारवाला चिखलीजवळच्या उंद्री गावचा. आधी तो भीमगीतांच्या पार्टीत बेंजो वाजवायचा. ड्रमवाल्याच्या अब्बूंचं बुलढाण्यात कूलर आणि पत्र्याच्या पेट्या करायचं दुकान होतं. आमचा सराव तिथंच चालायचा. दिवसभर हातोडे ऐकलेल्या त्या गल्लीत आमच्याबद्दल कोणाची तक्रार आली नाही.

हे दोघं माझे बारावीचे सोबती. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मी दुसऱ्यांदा पडले आणि खोलीचं दार लावून घेतलं. जेवण आत घ्यायचे, ताट बाहेर ठेवायचे. बोलायचे नाही. तेव्हा हे रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचे आणि सिनेमाची गाणी बेसूर म्हणायचे. आई त्यांना चहा द्यायची. एका संध्याकाळी मीच चिडून बाहेर आले आणि म्हणाले, "काऊन रोज येता बे?"

ड्रमवाला कप खाली ठेवत म्हणाला, "तू बाहेर येत नाय म्हणून."

पुढे मी फार्मसीला प्रवेश घेतला आणि आमचा बँड सुरू झाला. रक्त, मरण, शिव्या आमच्या गाण्यात नको, हे न बोलताच ठरलं होतं. पहिलं गाणं मी लिहिलं: "पडला तर पड, पडून राहू नको. दार लावू नको, आम्ही येऊन राह्यलो."

ते पहिल्यांदा वाजवलं आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. आमच्याआधी लावणी झाली होती, लोक खुशीत होते. गिटार सुरू झाली, मी ओरडले, आणि जरा वेळात माइक बंद पडला. साउंडवाल्याला वाटलं, मशीनच बिघडली, म्हणून त्यानंच तो बंद केला होता. एक मॅडम पाण्याची बाटली घेऊन स्टेजवर आल्या, मला खुर्चीवर बसवून पाठ चोळायला लागल्या. समोर हशा पिकला होता. मी काय म्हणत होते ते एकालाही कळलं नव्हतं.

कोणीतरी काढलेला व्हिडिओ आईपर्यंत पोचला. ती अंगणवाडी सेविका आहे. घरी येऊन तिनं पिशवी ठेवली आणि म्हणाली, "बाया इचारून राह्यल्या, पोरीले फीट आली काय म्हणून. मी काय सांगू?"

"गाणं होतं ते, आई."

"गाण्यात शब्द असतात."

मी तिला शब्द सांगितले नाहीत. रागच इतका आला होता. त्यानंतरचे कितीतरी दिवस मी नुसती फिरत होते. कॉलेज, घाट, दुकान. बसले की पाय हलायला लागायचे. वाटायचं, बँड मोडून टाकावा. लगेच वाटायचं, आत्ताच कुठंतरी जाऊन वाजवावं.

गिटारवाल्याचे काका उंद्रीच्या भीमजयंती समितीत होते. पुतण्याच्या हट्टापायी त्यांनी जयंतीच्या कार्यक्रमात आम्हाला एक गाणं वाजवू दिलं. आम्ही तयार होत होतो तेव्हा ते जवळ आले आणि म्हणाले, "पहिले लोकायले शब्द सांगा, मंग बोंबला."

आई आमच्यासोबत आली होती. का, ते तिनं सांगितलं नव्हतं. पुढच्या सतरंजीवर, बायांमध्ये बसली होती. मी माइक धरला. साध्या आवाजात, आपण घरी बोलतो तशी, मी एकेक ओळ म्हटली. "दार लावू नको" म्हटल्यावर आईनं मान वर केली. मग कितीतरी वेळ ती माझ्याकडेच बघत होती.

मग आम्ही वाजवलं. म्हातारी माणसं उठून मागं गेली. काही बायांनी कानावर पदर घेतला. पोरं मात्र पुढं आली, आणि "आम्ही येऊन राह्यलो" आलं की आमच्याबरोबर ओरडायला लागली. शेवटी शेवटी तर माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. काका म्हणाले, "शब्द चांगले हायेत. आवाजाचं पाहा काहीतरी."

परतताना ड्रम लादलेल्या टेम्पोत आई माझ्याशेजारी बसली. चिखली आली. मग म्हणाली, "हे त्याच दिवसातलं हाय ना? तू आत होती तवाचं?"

"हो."

"मीबी रोज बाहेरूनच कान देऊन बसायची." मग तिनं विचारलं, "एवढं ओरडून तुहा गळा दुखत नाही? माहा तर लेकरायसमोर रोज बसते."

मी तिचा हात माझ्या पोटावर ठेवला आणि श्वास कुठून घ्यायचा ते दाखवलं. तिनं करून पाहिलं. पहिल्यांदा नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा असा घोगरा, भरदार आवाज निघाला की टेम्पो चालवणाऱ्या ड्रमवाल्यानं वळून पाहिलं. "काकू, बँडमध्ये या," तो म्हणाला. आई पदरात तोंड लपवून हसत राहिली.

आता ड्रमवाला वाळूजला कंपनीत आहे. सुट्टीला येतो तेव्हाच पूर्ण बँड वाजतो. मी मेडिकल स्टोअरमध्ये काम करते. काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की बोटं काचेवर ताल धरतात. मालक म्हणतात, "पोरी, एका जागी उभी राहत जा." नवं गाणं अर्धं झालंय. दुसरं कडवं रोज बदलते, तरी अजून बसत नाही. काल गिटारवाल्याला फोन करून पुन्हा नवं ऐकवलं. तो म्हणाला, "कालचंच चांगलं होतं बे." मला ते पटलं नाही.