पाठीवरचे बिब्बे

डॉक्टरांनी माझ्या कमरेवरचा हिरवा कपडा बाजूला केला आणि वाकून जवळून पाहिलं. मी पालथी होते. पोटाखाली उशी, गाल गादीला टेकलेला, त्यामुळं मला नुसते पाय दिसत होते. डॉक्टरांचे बूट, सिस्टरच्या पांढऱ्या चपला आणि त्या कमानीसारख्या एक्स-रे यंत्राची चाकं. मग डॉक्टरांनी सिस्टरला विचारलं, "हे काय आहे?" त्यांचा आवाज चढला नव्हता. तरी माझे कान तापले.

मी किनवटच्या पलीकडच्या गावची. सातवीनंतर शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि तेही टिकलं नाही. भावाच्या घरात किती दिवस बसून खायचं, म्हणून ओळखीच्या एका बाईबरोबर लातूरला आले. इथं क्लाससाठी राहणाऱ्या मुलींची एक मेस होती, तिथं पोळ्या लाटायला लागले. मेस चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणायचे. त्या मूळच्या उदगीरच्या, गळ्यात लिंगायतांचं लिंग, नवरा वारलेला, बोलता बोलता मध्येच कानडी. त्यांनी मला स्वयंपाकघरामागची खोली दिली, जेवण दिलं, आणि जातीचं, नवऱ्याचं काही विचारलं नाही. एवढंच मला पुष्कळ होतं. त्यांना आपला कंटाळा येऊ नये, या धाकातच मी असायचे. एक पोळी करपली तरी दिवसभर काळजीला मला ते पुरायचं.

त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं यायचं. नळ कोरडे पडले होते. टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि तिथून कॅन, घागरी भरून मला जिना चढावा लागायचा. पोळ्यांपेक्षा पाण्याचंच काम जास्त झालं. एकदा कॅन उचलताना कमरेत काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि डाव्या ढुंगणापासून टाचेपर्यंत कळ निघाली. मग ती राहूनच गेली. उभं राहिलं की पायात आग आणि बसलं की मुंग्या. लाटताना मी एका पायावर भार द्यायचे. मुली म्हणायच्या, ताई बगळ्यासारखी उभी राहते.

अक्कांनी डॉक्टरांकडं नेलं, फोटो काढून घेतले. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या आधी एक करून बघू. पडद्यावर बघत बघत बारीक सुई थेट त्या नसेच्या शेजारी न्यायची आणि सूज उतरवणारं औषध तिथं सोडायचं. पुष्कळांना त्यानं बरं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं असं नाही. खर्च अक्का करणार होत्या. त्याच आठवड्यात औशाची एक बाई मेसच्या दारात येऊन काम आहे का विचारून गेली. धडधाकट होती. अक्का तिला काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

गावाकडं निरोप गेला तो असा, की पोरीच्या मणक्यात सुई घालणार हायत. माय दुसऱ्या दिवशी आली, एसट्या बदलत, पिशवीत ज्वारीचं पीठ आणि पदराच्या गाठीत बिब्बे घेऊन. मणक्यात सुई गेली की बाई जन्माची लुळी होते, हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. मला समजावून सांगता आलं नाही, कारण मलाच धड कळलं नव्हतं. तिनं माझ्याकडं एवढंच मागितलं, की आधी मला एकदा लावून बघू दे. मग स्टोव्हवर सुईच्या टोकाला बिब्बा तापवला आणि त्याच्या काळ्या तेलाचे ठिपके कमरेवर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी देत गेली. लहानपणी पाय मुरगळला की ती असंच करायची. वर ताकीद दिली, की कुणाला सांगायचं न्हाई, सांगितलं की गुण जातो.

चार दिवसांत तिथं फोड आले. खाज इतकी, की मी भिंतीला पाठ घासायची. मायला वाटलं, रोग बाहेर पडतोय.

ज्या दिवशी सुई होती त्या दिवशी अंघोळ करून यायला सांगितलं होतं. मेसमध्ये तेव्हा मुली ओल्या फडक्यानं अंग पुसून क्लासला जात. अक्कांनी मला पूर्ण बादली दिली, वर म्हणाल्या की डोक्यावरून घे, संकोच करू नको. मी निम्मं पाणी ठेवलं आणि बाकीचं फोडांना न लागता घेतलं. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, साखर आहे का, कुठली गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी. मी सगळ्याला नाही म्हटलं. बिब्बा हे औषध आहे आणि तो यांना सांगायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गोळी म्हणजे गोळी आणि बिब्बा म्हणजे माय.

डॉक्टर वाकून मला म्हणाले, "ताई, सुई इथूनच जायची असते. या फोडांतून घातली तर इथली घाण थेट आत जाईल. आज होणार नाही." मग विचारलं, हे कोणी केलं.

मी तोंड उघडायच्या आत दार वाजलं. आणखी दोन पाय आत आले, भेगाळलेले, अनवाणी. चपला तिनं बाहेर काढल्या असणार. सिस्टर म्हणत होती, आजी, इथं यायचं नसतं. माय थांबली नाही.

"म्या लावलेत," ती म्हणाली. "तिला काई बोलू नका."

"का हो आजी? आम्ही उपचार करतोय ना?"

"तुमचं तुमच्या जागी हाय साहेब. मला एवढंच येऊन राहिलं."

कोपऱ्यात यंत्र सांभाळणारा माणूस फिसकन हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मायला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि सिस्टरला मलम लिहून दिलं. मी पालथीच पडून राहिले. उठायचं म्हणजे तोंड दाखवायचं. माझी पाठ उघडी पडल्याची लाज एका बाजूला राहिली आणि मायच्या बोलण्याची, त्या पायांची, त्या खोलीत ती उभी असल्याची लाज मला वाटत होती. मला वाचवायला ती आत आली होती, हे मला त्याच वेळी कळत होतं. तरी वाटायची ती लाज वाटलीच.

अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दवाखान्यातून परतताना रिक्षात त्यांनी उलट विषय बदलला. त्या दिवसांत नवे जिल्हे होणार म्हणून चर्चा होती आणि त्यात उदगीरचंही नाव निघायचं, किनवटचंही. त्या मायला म्हणाल्या, "तुमचं किनवट आधी जिल्हा होतंय की माझं उदगीर, बघू. झालं की आपापल्या गावी मोठा दवाखाना. मग कशाला या लातुरात यायचं, पाणी न्हाई का काही न्हाई." माय हसली नाही. पदराची रिकामी गाठ सोडत आणि बांधत राहिली.

कातडी भरून येईपर्यंत थांबायचं होतं. तोवर काम कोण करणार? मायनं कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा ती कॅन घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी होती. माझ्या कॅनमधलं पाणी ती अर्धं अर्धं करून वर आणायची आणि जिन्याच्या वळणावर टेकायची. तिच्या पोळ्या जाड व्हायच्या, भाकरी मात्र पातळ. मुलींना आधी मजा वाटली. तिच्या तोंडून ऐकायला मुद्दाम विचारायच्या, "आजी, काय करून राहिल्या?" आणि ती सरळ मनानं सांगायची, "भाकर करून राहिली ना माय." मग हशा. मी आतल्या खोलीत पडून ऐकायचे. लातूरला आल्यावर मी हे 'राहिली' जिभेवरून खरवडून काढलं होतं. मुलींना वाटायचं मी इथलीच, निलंग्या-औशाकडची असेन. आता माझं गाव, माझं घर, सगळं स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं बोलत होतं आणि मी भिंतीकडं तोंड करायचे. माझंच काम ती करत होती, आणि तिनं जरा हळू बोलावं असं मला वाटत होतं.

औशाची बाई परत आली. या वेळी अक्का काय म्हणाल्या ते ऐकू आलं. जागा भरलेली हाय म्हणाल्या. ती जागा कुणी भरली होती, ते मला दिसत होतं.

कातडी भरून आली. दुसऱ्या खेपेला मायनं माझी पाठ स्वतः धुतली. साबण लावताना तिचा हात डागांवरून जात नव्हता, कडेकडेनं जायचा. टेबलावर पुन्हा तसंच पालथं. कमरेवर थंडगार काहीतरी फिरलं, मग भुलीचं इंजेक्शन, चटका, नंतर नुसताच दाब. यंत्र घरघरायचं, डॉक्टर पडद्याकडं बघायचे, सुई जराशी पुढं. पुन्हा यंत्र, पुन्हा जराशी. पडद्यावर नस दिसावी म्हणून आधी रंग सोडला, तेव्हा कळ विजेसारखी टाचेपर्यंत गेली. "ही तुमची नेहमीचीच कळ ना?" त्यांनी विचारलं.

"हाव, तीच," मी म्हटलं. माझ्या तोंडून गावाकडचं 'हाव' निघून गेलं होतं.

त्यांनी हळूहळू औषध सोडलं. पाय जड झाला, मग कोमट.

लगेच काही झालं नाही. दोन-तीन दिवसांनी पायातली आग निवत गेली. मुंग्या राहिल्या, त्या आजही थोड्या आहेत. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. अक्कांनी ते ऐकून घेतलं आणि संध्याकाळी परात मांडताना, आम्हा दोघींना ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "मग असं करू. ही बसून लाटेल. पाणी वर आणायला आजी राहू दे की इथंच. खोली मोठी हाय."

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मायला भावाकडं काय मिळतं ते मला ठाऊक होतं. मी हातातल्या गोळ्याला उगाच पीठ लावत बसले. फार वेळ नाही, पण मायनं माझ्याकडं बघितलं तेवढा वेळ.

"नगं अक्का," ती म्हणाली. "मला शहरात करमत न्हाई." मग वर म्हणाली, "हिला पाणी उचलू देऊ नका. डाक्टरनं सांगितलंय."

पाणी प्रत्येक मुलीनं आपलं आपण आणायचं, असं अक्कांनी ठरवलं आणि माझी जागा राहिली.

मी तिला नांदेडच्या गाडीत बसवून द्यायला गेले. कंडक्टर येईना म्हणून गाडी सुटेना. खिडकीखाली उभी राहून मी भावाच्या पोरांची चौकशी केली, तिनं डागांना मलम रोज लाव म्हणून सांगितलं. राहा, असं म्हणायला पुष्कळ वेळ होता. कंडक्टरनं घंटी ओढली, गाडी वळून फाटकाबाहेर गेली, तरी मी तिथंच उभी होते. एवढा वेळ दोन्ही पायांवर उभी, आणि डावा पाय दुखत नव्हता.