गयाआत्यानं दूध सोसायटीत घातलं होतं

माझ्या आत्यानं महादेवाला दूध दिलं नव्हतं.

हे आज लिहावं लागतंय, कारण तिला माती देऊन परत येताना चौकात बॅनर दिसला. दूध सोसायटीनं लावलेला. तिचा फोटो आणि खाली, "दुष्काळातही श्रावण सोमवारी महादेवाला दूध अर्पण करणारी भाविक माता."

आत्या बौद्ध होती. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आणि पाळणारी.

काय घडलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा मी कॉलेजात होते, सुट्टीला गावी आले होते. जळकोटच्या अलीकडं आमचं गाव.

सोसायटीत तेव्हा दोन कॅन असायचे. सगळ्या गावाचा मोठा कॅन ओट्यावर. आमच्या वस्तीचा बारका कॅन खाली, लिंबाखाली. झाकणाला लाल रंग, चुकून कुणी उचलू नये म्हणून.

का? तर श्रावणात अभिषेकाचं दूध मोठ्या कॅनमधून जायचं.

आत्यानं एकदा दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, "ही दोन कॅन तिकडं डेअरीत न्हेऊन काय करता रं?"

"काय करनार मावशी, एकाच टाकीत वततो."

ती आठवडाभर हसत होती.

मग तो कोरडा श्रावण आला. गावातली जनावरं कुणी विकली, कुणी छावणीत नेऊन बांधली. उरलेली आटली. आत्याची म्हैस उशिरा व्यालेली. तळ्याच्या बुडातलं गवत कापून आणून आत्यानं ती जगवली होती.

रविवारी संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आप्पा दारात आले. दारात म्हणजे रस्त्यावरच उभे.

"गया, उद्या सोमवार हाय. तांब्याभर दूध काढून ठिव. गुरव मागल्या दारानं न्हील."

"माझं घर सोसायटी न्हाय आप्पा. म्या दूध सोसायटीत घालते."

"देवाचं काम हाय गं."

"तुमच्या देवाचं. लागत असंल तर उद्या मोठा कॅन उघडा. म्या घालते, तुमी तुमचं काढून घ्या."

"आन न्हाय उघडला तर?"

"तर रेडकू पिईल. त्याला बी दुष्काळच हाय."

आप्पा हसले नाहीत. "सोसायटीतनं नाव काढलं तर कुठं घालशील दूध? गावात कोन घेतंय तुझं?"

हे खरं होतं. गावात तिच्या हातचं दूध कुणी घेत नव्हतं. सोसायटी हे एकच दार होतं, आणि ते बंद झालं असतं तर म्हैस विकून ऊस तोडायला जायचं, एवढंच उरलं असतं.

 सकाळी आत्यानं किटली घासली आणि निघाली. मी मागोमाग.

ओट्यावर गुरव तांब्या घेऊन उभा. मोठ्या कॅनच्या बुडाला जेमतेम दूध, तांब्याही भरणार नाही एवढं. आप्पांनी बोटानं लिंबाखालचा कॅन दाखवला.

आत्या हलली नाही. डोक्यावर किटली तशीच.

रांगेतली बाई म्हणाली, "व्हय गं, लई शिकलीस."

"म्या न्हाय. भाची शिकलीया," आत्या म्हणाली.

गाडी आली. हॉर्न वाजला. ड्रायव्हर ओरडला, "आप्पा, नासतंय दूध. वता की कशात बी."

आप्पांनी मोठ्या कॅनचं झाकण काढलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

आत्या ओट्यावर चढली. किटली पार उपडी केली. मगच गुरवानं तांब्या भरला.

परतताना मी चिडले होते. "दगडावरच ओतणार ना शेवटी? मग घातलं कशाला?"

"म्या दगडाला दिलं न्हाय. कॅनमधी घातलं. कॅन सगळ्यांचा हाय. फुडचं त्यांचं त्यांनी बघावं."

मी डिग्री घेतली, नोकरी केली, भाषणं ऐकली. सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे त्या वाक्याइतकं नीट मला कुणी सांगितलेलं नाही.

आज मी सोसायटीच्या चेअरमनला बॅनर काढायला सांगितलं. पोरगा वाईट नाही. म्हणाला, "ताई, चांगलंच लिवलंय की. गाव पहिल्यापासून एकच होतं, हे कळावं लोकांना."

"एक होतं तर कॅन दोन कशाला होते?"

बॅनर शेवटी मीच सोडवला.

तुमच्या श्रावणाला माझी हरकत नाही. उपास करा, अभिषेक करा. पण आयुष्यभर जिला लिंबाखाली उभं केलं, तिला मेल्यावर गाभाऱ्यात नेऊ नका. तिनं मागितलेली जागा ओट्यावरची होती. ती तिनं स्वतः घेतली.

कॉमेंटमध्ये "जाऊ द्या ताई" लिहिणाऱ्यांनी लिहू नये. जाऊ देणार नाही.

आत्या, जयभीम. शेवटचा.

सोसायटीच्या ऑफिसात आज चेअरमनच्या हाती दिलं ते असं: बॅनर एक, घडी घालून, दोऱ्यांसकट. फाडलेला नाही.

सोसायटीनं आत्याची किटलीही मागितली होती, काचेच्या पेटीत ठेवायला. ती दिली नाही. ती तिच्या सुनेकडं आहे. उद्या सकाळी दूध घेऊन ओट्यावर येईल.