वजरीने घासलेल्या टाचा

“ह्या आमच्या खाणावळवाल्या बाई.”

दिगूदादा असं म्हणाला. मुलुंडच्या कार्यालयात, मुंडावळ्या बांधलेल्या, गळ्यात हार. नवरीच्या मावशीने विचारलं होतं, “ह्या कोण?” तेव्हा माझ्या आईकडे न बघता म्हणाला.

चौरंगावर त्याची काकू बसली होती. वरमाय म्हणून. तिने घंगाळात बोट बुडवलं. “पाणी गारढोण झालंय. बाई, आतून जरा गरम आणा बघू.”

आईने दिगूदादाकडे पाहिलं. तो घड्याळाचा पट्टा सारखा करत होता.

आई पाणी आणायला गेली. चालताना लुगड्याखाली तिच्या टाचा दिसत होत्या. गुलाबी, स्वच्छ. आठवडाभर ती मोरीत बसून वजरीने त्या घासत होती. लग्नात वरमायेचे पाय धुतात म्हणून.

कारण वरमाय ती होणार होती. दिगूदादाच तसं म्हणाला होता.

ब्याऐंशीच्या संपात बाबांची गिरण सुटली आणि घाटकोपरच्या दीड खोलीत आईने खाणावळ घातली. कोकणातली एकटी पोरं जेवायला यायची. बाहेरच्या खोलीत पंगत बसली की बाबांना बसायला जागा उरायची नाही. ते गॅलरीत जाऊन रस्ता बघत बसत. पण तव्यावरची पहिली भाकरी आई त्यांच्याकडे बाहेर नेऊन द्यायची. पैसे देणारी माणसं नंतर. घरात कर्ता कोण, हे तिने आम्हा भावंडांना असं रोज दाखवलं. स्वतः सगळ्यात शेवटी जेवायची. तोवर कालवणात फक्त रस असायचा.

दिगूदादा जेवायला यायचा तो घरातलाच झाला. त्याची आई लहानपणीच वारलेली. काकाच्या मुलुंडच्या ब्लॉकमध्ये तेव्हा त्याला जागा नव्हती. त्याला कावीळ झाली, तर महिनाभर आमच्या खाटेवर होता. आई त्याला वेगळं शिजवून घालायची, त्याची वांती काढायची. तो तिला आये म्हणायचा. बरा झाला तेव्हा म्हणाला, “आये, माझ्या लग्नात वरमाय तू. पाय धुतील ते तुझे.”

“माझे?” आई हसली होती. “ह्या भेगांत भात पेरूचो आसा काय रे?”

मग तो बँकेत साहेब झाला. काकाच्या ब्लॉकमध्ये जागा झाली.

त्या दिवशी आईने गरम पाणी आणून घंगाळात ओतलं. नवरीच्या आईने काकूचे पाय धुतले. आई पुसायचा पंचा धरून बाजूला उभी. मी आठवीत होते. सगळं कळत होतं. मी उठले नाही.

पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पंगत बसली. कुणीतरी आईच्या हातात जिलब्यांची परात दिली होती. वाढत वाढत ती माझ्या पानाशी आली. थांबली नाही, नजर दिली नाही. फक्त एक जिलबी जास्त टाकली. मी खाल्ली. गोड लागली. आणखी मागितली.

घरी येताना मी बोलायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, “गप ऱ्हव. बाबांच्या नोकरीचा त्येच्या हातात आसा.” बँकेत शिपायाची जागा होती. दिगूदादाने शब्द दिला होता.

महिन्याभराने एका रविवारी तो आला. एकटाच. खाणावळीची माणसं जेवून गेल्यावर, दुपारी.

“आये, घरात सासुरवाडीच्या चालीचं सगळं गोडमिट्ट गं. तुझ्या हातचं बांगड्याचं तिखलं खाल्ल्याला किती दिवस झाले!”

आये.

आईने पाट मांडला. ताटात दोन बांगडे वाढले. घरात तेवढेच उरले होते. बाबा गॅलरीतून आत येऊन उभे राहिले, नोकरीचं विचारावं की नाही अशा चेहऱ्याने. दिगूदादाने भाकरीला हात घातला आणि मी त्याच्यापुढचं ताट ओढून घेतलं. पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर आपटला.

“आधी तिचे पाय धू.”

तो हसला. “येडी झालीस काय गं? दार उघडं आहे. कुणी बघितलं तर?”

“बघू दे. तिथे चारशे माणसं बघत होती ना?”

त्याचं हसू गेलं. तो उठला, चपला घातल्या. बाबांना म्हणाला, “पोरीला वळण लावा. तुमचं काम करायला आलो होतो मी.” आणि जिना उतरला.

आईने माझ्या मुस्काटात मारली. एकदाच. मग ती त्या पाटावर बसली, ताट पुढ्यात ओढलं आणि जेवायला लागली. दोन्ही बांगडे. काटे चोखून. आई आमच्यादेखत, आमच्याआधी जेवली, ती तेवढ्या एका दिवशी.

बाबांना नोकरी लागली नाही. आईने पुढे कितीतरी वर्षं परक्यांच्या भाकऱ्या थापल्या, त्यावर आम्ही शिकलो. त्या तांब्याची किंमत मी नाही, तिने भरली. हे ओझं आहे माझ्यावर. पण तांब्या आपटल्याचा पश्चात्ताप नाही. जिलबीचा आहे.

गेल्या आठवड्यात दिगूदादाचा फोन आला. त्याची एकसष्टी आहे. मोठा हॉल, भाषणं, व्हिडिओवाला. “आयेला घेऊन ये. स्टेजवर सगळ्यांसमोर तिचे पाय धुणार आहे. माझ्या संघर्षाची साक्षीदार आहे ती.”

मी आईला सांगितलं. ती खाटेवर पाय सोडून बसली होती. पाय सुजलेत, भेगा पुन्हा आल्यात. तिने पाय हळूच वर घेतले आणि पातळाखाली झाकले. “गरम पाणी कोण आणतला थंय?” म्हणाली.

मी दिगूदादाला कळवलं, आम्ही येणार नाही. पाय धुवायचे होते तेव्हा तू घड्याळाचा पट्टा सारखा करत होतास. आता हे पाय तुझ्या भाषणाला मिळणार नाहीत.

आणि हे लिहून झालं की आईसमोर बसून मोठ्याने वाचणार आहे. जिलबीसकट. मग तिने दुसरी मुस्काटात मारली तरी चालेल. गाल पुढे करून बसणार आहे.