मास्तरांचे विणकाम

माझा मेहुणा, म्हणजे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, एकाहत्तर वर्षे जगला. त्यांपैकी त्रेपन्न वर्षे त्याच्या हाती कात्री होती आणि सतरा दिवस विणकामाच्या सुया. लोक त्याला मास्तर म्हणत.

मुलींच्या शाळेचे गणवेश तोच शिवीत असे. दुकान त्यावरच उभे होते. तो साठीला आला तेव्हा शाळेने कळविले की यापुढे गणवेश व हाताने विणलेले स्वेटर एकाच दुकानातून घेतले जातील. नमुना दुकानदाराने सतरा दिवसांत स्वतः विणून द्यावा, म्हणजे पुढे त्याला इतरांच्या कामातील दोष कळेल, अशी मुख्याध्यापिकेची अट होती. त्याला विणता येत नव्हते. माझ्या पत्नीला येत होते. परंतु तिने विणून दिलेल्या स्वेटरने तो शिलाई मशीनचे तेल पुसताना तिला दिसला, तेव्हापासून नऊ वर्षे उभयतांत बोलणे नव्हते.

तो चपला न काढता दारातच उभा राहिला.

"अक्का, सतरा दिवस शिकव. जास्त मागत नाही."

"चिंध्या संपल्या वाटतं तेल पुसायला?"

"शिकवायचं नसेल तर तसं सांग."

"शिकवीन. पण मी म्हणेन तिथपर्यंत उसवायचं. तोंड वर करून बोलायचं नाही."

"भावजी, ऐकताय ना?"

"ऐकतो आहे," मी म्हणालो. "अट वाजवी आहे."

तो टाका इतका घट्ट ओढी की त्यात सुई शिरत नसे.

"कुणाचा गळा आवळतोयस?" पत्नीने विचारले.

"जिचा आवळायचाय ती समोर बसलीय."

तिने त्याला अकरा वेळा उसवायला लावले. एकदा तर केवळ एका गळलेल्या टाक्यासाठी वीतभर वीण गेली. तो दात-ओठ खात पुन्हा टाके घाली. त्याच्याविषयी माझे मत चांगले नाही. तथापि तो एकही दिवस चुकला नाही, हे नमूद केले पाहिजे.

बिनबाह्यांच्या त्या स्वेटरची पाठ मापात आली. पुढचा भाग त्याने काठापाशी एकदा टेप लावून मोजला आणि तो निर्धास्त झाला. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, मध्येच बदलत नाही; विणीचेही तसेच असेल असे त्याने धरले. सोळाव्या दिवशी पुढचा भाग छातीपाशी मापापेक्षा चार बोटे जास्त रुंद भरला.

"काठापर्यंत उसव," पत्नी म्हणाली.

"उद्या द्यायचाय."

"मग आत्ताच बस उसवायला."

तो स्वेटर उचलून चालता झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोकरीचा उरलेला गुंडा परत मागण्यास त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा त्याने पुढच्या भागावर खडूची रेघ आखली होती आणि हाती कात्री घेतली होती.

"तिला विचारून घ्यावे," मी म्हणालो. "हे कापड नाही."

"भावजी, कापलं की सगळं कापडच. मला शिकवू नका."

त्याने रेघेवरून सरळ कापले. रेघ खरोखर सरळ होती. टाके मोकळे होऊ लागले, तशी त्याने ती कड घाईघाईने मशीनखाली सरकवली. वरून शिवण दिसत होती. आत निम्मे टाके शिवणीत आलेच नव्हते.

मुख्याध्यापिकेने आत हात घालून कुशीची शिवण ताणली. ओळी छातीपर्यंत सुटत गेल्या.

"मास्तर, हे मुलींनी घालायचं आहे," एवढेच ती म्हणाली. काम समोरच्या दुकानाला मिळाले.

पुढील अकरा वर्षे त्याने चेन बदलल्या, कंबरा सैल केल्या आणि बहिणीने मुद्दाम चुकीचे शिकविले असे येईल त्याला सांगितले. तो गेल्यावर दुकान विकण्यापूर्वी त्याची मुलगी आमच्याकडे आली.

"आत्या, बाबा म्हणायचे ते खरं होतं?"

"शिकवलं ते बरोबरच शिकवलं," पत्नी म्हणाली. "नवख्याचा हात आधी घट्ट असतो, मग सैल पडतो आणि वीण रुंदावते. ते मला तिसऱ्या दिवशीच दिसत होतं. त्याने विचारलं नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाही."

"नाही."

मुलगी पाणीही न घेता उठली. दुकान समोरच्यानेच विकत घेतले. ती पुन्हा आमच्याकडे आलेली नाही, आणि पत्नीने तिला बोलावलेले नाही.