ब्रिगेडियरची टॅक्सी

विदरकोट काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत म्यूरियल ऑगडेन एकोणीस वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसली. विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत पोचवायचं खातं तिच्याकडे होतं. बाई ठेंगणी, पण आवाज वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असा. फाइल वाचायच्या आधी ती सरळ त्या घरी फोन लावून तासभर गप्पा मारायची. त्यामुळे तिचं काम कायम मागे असायचं आणि बढती कधीच झाली नाही.

त्या वर्षी या मुलांच्या शिक्षणखर्चात एक कोटी दहा लाख पौंडांची तूट निघाली. आमचे साहेब क्लाइव्ह पेनरोज वयाने म्यूरियलपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी तातडीची बैठक बोलावून दोन निर्णय घेतले. एक, बैठकीतली बिस्किटं बंद. दोन, त्यामुळे किती वाचले हे मोजायला सल्लागार नेमायचा. सल्लागाराने रोजचे आठशे पौंड घेऊन सहा आठवड्यांनी अहवाल दिला: चहाही बंद करावा.

तेवढ्यात म्यूरियलला टॅक्सींच्या यादीत एक ओळ दिसली. प्रवासी ब्रिगेडियर, वय एकसष्ट.

"क्लाइव्ह, हा एकसष्ट वर्षांचा विद्यार्थी कोण रे?"

"सैन्यातला असेल कुणी. डोरमाउथ लेनला राहतो. म्यूरियल, तुम्ही फार खोलात जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोरमाउथ लेनला जाऊन त्या टॅक्सीत बसली. मागच्या सीटवर, पट्टा बांधलेल्या खोक्यात, एक कासव कोबी खात होतं.

"हेच ब्रिगेडियर," ड्रायव्हर डेस्मंड म्हणाला. "पुढच्या गाडीत ती टॅबिथा आहे ना, नऊ वर्षांची, ती याच्याशिवाय शाळेत जात नाही. आणि मूल न् जनावर एका गाडीत न्यायचं नाही असा तुमचाच नियम. म्हणून याला वेगळी गाडी. सिग्नल लागला की मी याला वर उचलून दाखवतो, म्हणजे तिला धीर येतो."

असं उचलत उचलत पस्तीस मैल गेले. एवढ्या लांबच्या खाजगी शाळेची फीसुद्धा काउन्सिलच भरत होतं. फाटकाशी टॅबिथाने आधी कासवाची तपासणी केली, मग म्यूरियलची.

"तू इतक्या लांब का येतेस गं?" म्यूरियलने विचारलं.

"कारण टॅक्सी इथेच येते."

"हो, पण घराजवळच्या शाळेत का नाही जात?"

"तिथं बाथरूममध्ये हात वाळवायचं यंत्र आहे. ते ओरडतं. मग मी पण ओरडते. ते थांबत नाही, मग मी का थांबू?"

"अगं, हे कुणाला सांगितलंस का?"

"कुणी यंत्राचं विचारलंच नाही. डॉक्टरांनी विचारलं, तुला कसं वाटतंय? मी म्हटलं, बरं वाटतंय. तेव्हा बरंच वाटत होतं."

"आणि हा ब्रिगेडियर कशाला?"

"तो यंत्राला घाबरत नाही."

"पण इथे यंत्र कुठंय?"

"अजून नाही," टॅबिथा म्हणाली. "पण तुमच्या लोकांचा काय भरवसा?"

तिची फाइल दोनशे चौदा पानांची होती. यंत्राबद्दल एक शब्दही कुठे नव्हता.

म्यूरियल तडक साहेबांकडे गेली. "टॅबिथाच्या घराजवळच्या शाळेतलं ते हात वाळवायचं यंत्र काढून टाक."

"काढायला अठ्ठेचाळीस पौंड लागतील आणि इमारत खात्यात पैसे नाहीत."

"मी देते."

"कर्मचाऱ्याकडून पैसे? ती लाच होईल!"

शनिवारी म्यूरियल पेचकस घेऊन घराजवळच्या त्या शाळेत गेली. स्टूल धरायला मी होतो. मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. "मला काही दिसत नाहीये हं," त्या म्हणाल्या, "पण डावीकडचा स्क्रू गंजलाय, जरा जोर लावा."

सोमवारी टॅबिथा आईबरोबर पाहणीला आली. तिने भिंतीला कान लावला.

"गेलं कुठं ते?"

"माझ्या घरच्या कपाटात," म्यूरियल म्हणाली.

"कुलूप लावलंय?"

"लावलंय."

"किल्ली दाखवा."

किल्ली पाहिल्यावर ती म्हणाली, "मग ठीक आहे." सप्टेंबरपासून ती सात मिनिटं चालत शाळेत जाऊ लागली. पहिले पंधरा दिवस ब्रिगेडियर पिशवीतून जायचा. नंतर तिनेच जाहीर केलं, की अपूर्णांक सुरू झाले की त्याला झोप येते, त्याला घरीच ठेवा.

इकडे सरकारी यंत्र पळवल्याबद्दल म्यूरियलची चौकशी लागली. पाच सभासद, तीन बैठका. शेवटी निष्पन्न झालं, की ते यंत्र कधी नोंदवहीत चढलंच नव्हतं, म्हणजे ते नव्हतंच, म्हणजे ते चोरीला जाऊ शकत नाही.

मग साहेब धावत आले. "म्यूरियल! टॅक्स्या, फी, सगळं धरून वर्षाला सत्तर हजार वाचले! आपल्या शाळांत अशी एकशे सत्तावन्न यंत्रं आहेत. सगळी काढली की तूट साफ!"

"अरे बाबा," म्यूरियल म्हणाली, "ती पोरगी यंत्राला घाबरत होती. बाकीची पोरं दुसऱ्या कशाकशाला घाबरत असतील."

"ते कसं कळणार?"

तिने दुसऱ्या एका मुलाच्या घरी फोन लावून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडच्या आईने साहेबांना चाळीस मिनिटं सोलून काढलं. ते लालबुंद होऊन म्हणाले, "यांच्या मुलाला लांबचीच शाळा लागते. आणि त्या बाईंचं म्हणणं खरं आहे."

"मग दे टॅक्सी," म्यूरियल म्हणाली. "वाचवायचं म्हणजे सगळ्यांचं हिसकायचं नसतं रे."

त्यानंतर आम्ही सगळे दर गुरुवारी मुलांच्या घरी फोन करू लागलो. कुठे वर्गाच्या भिंतीचा नुसता रंग बदलून भागलं, कुठे खर्च उलट वाढला. तीन वर्षांत तूट त्र्याहत्तर लाखांवर आली. साफ झाली असं कुणी म्हणू नये.

म्यूरियल निवृत्त झाली तेव्हा निरोपाला महापौर आले आणि भाषणभर तिला मर्विन म्हणत राहिले. तिने एकदाही दुरुस्त केलं नाही. केकचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा रुमालात बांधला आणि सव्वापाचची बस चुकेल म्हणून भाषण संपायच्या आत निघून गेली.